पाण्यापर्यंतची वाट कुणाची?

आज आपण होडीच्या धक्क्याबद्दल बोलणार आहोत, असं सांगितलं तेव्हा आमच्याच गटांतल्या बायका हसल्या. धाराशिव जिल्हा म्हटलं की टँकर, हंडा आणि चारा छावणी. इथं होडी कुठून आली? पण ज्या गावांच्या कडेला धरणाचं पाणी पसरलंय, तिथल्या बायका हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "धक्का करणार तर कुणाच्या रानातून?"

आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी शब्द बघू. नदीपाशी उतरायच्या जागेला आपल्या भाषेत किती नावं आहेत! माणसं आणि जनावरं जिथं पाण्याला जातात तो पाणवठा. नदी उथळ असते आणि पायी पलीकडं जाता येतं तो उतार. पावसाळ्यात म्हातारी माणसं अजून विचारतात, "नदीला उतार आहे का?" म्हणजे पूर ओसरला का. जिथून नावाडी माणसांना पैलतीराला नेतो ती तर. दगडी पायऱ्या बांधल्या की तो घाट. आणि होडी टेकते, माल चढतो-उतरतो तो धक्का. हा शब्द कोकणातल्या बंदरांवर जास्त चालतो. एस.टी.तल्या प्रवाशाला आपण उतारू म्हणतो, त्या शब्दातसुद्धा उतार बसलेला आहे.

नावं वेगळी असली तरी जागा एकच आहे. काठ फोडून पाण्यापर्यंत नेलेली दहा-पंधरा फुटांची वाट. नदी सगळ्यांची, असं आपण म्हणतो. पण काठ? काठ कुणाचा तरी गट नंबर असतो. नाहीतर तिथं वेडी बाभूळ माजलेली असते, गाळ असतो, पुरुषभर उंचीची दरड असते. म्हणजे नदी सगळ्यांची राहते की नाही, हे त्या दहा-पंधरा फुटांवर ठरतं. नद्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, या पट्टीवर कमी. म्हणून आम्ही आज तेवढंच धरून बसलोय.

आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात जुनं नावाजलेलं गाव तेर. तेरणा नदीच्या काठी, गोरोबाकाकांचं. दोन हजार वर्षांपूर्वी त्याला तगर म्हणत. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या माणसानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, त्या 'पेरिप्लस' नावाच्या पुस्तकात तगरचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं शहर, आणि इथला कापडचोपड माल भडोचच्या बंदराला जातो, असं तो सांगतो. पण कसा जातो? गाड्यांतून, अवघड वाटांनी. नदीतून नाही. गाव नदीकाठी, व्यापार रोमपर्यंत, तरी माल बैलांनी ओढला. कारण तेरणा ही माल वाहणारी नदी नव्हतीच. ती पावसाळ्यात आडवी यायची आणि उन्हाळ्यात आटायची. आपल्याकडं नदीचा प्रवास हा लांबीचा नव्हता, रुंदीचा होता. ऐलतीरावरून पैलतीरावर. म्हणून आपल्या भागात बंदरं झाली नाहीत, उतार आणि तरी झाल्या.

गंमत सांगतो. २०१६ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय जलमार्गांचा कायदा केला आणि देशातल्या एकूण १११ जलमार्गांची यादी दिली. त्या यादीत मांजरा नदी आहे! तिचा तेलंगणाकडचा खालचा भाग धरलाय, आपल्याकडचा नाही. आणि त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटलं म्हणून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. 'जलदूत' गाडी आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. एकाच वर्षी नदी कागदावर जलमार्ग झाली आणि तिच्या काठच्या शहरात पाणी रुळांवरून आलं.

या असल्या नदीवर माणसं पलीकडं कशी जायची? लाकडी नाव सगळीकडं नसायची. दोन होड्या किंवा ओंडके एकत्र बांधून सांगड करायची. वाळलेले मोठे भोपळे पोटाखाली बांधून पोहत जाणारे होते. गूळ करायची मोठी काहील पुरात होडीसारखी वापरायची चाल कृष्णाकाठी होती. साताऱ्या-सांगलीकडच्या जुन्या माणसांनी काहिलीत बसून नदी ओलांडलेली आहे. खाली तुंगभद्रेवर वेताची गोल टोपली आणि बाहेरून कातडं अशी होडी असायची, तिला हरिगोल म्हणतात. विजयनगरला आलेला पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पायश यानं १५२० च्या सुमाराला ती पाहिली. वल्हवताना ती गोलगोल फिरत जाते, असं त्यानं लिहून ठेवलंय. या सगळ्या साधनांत एक गोष्ट सारखी आहे. पाण्यात ती कुठंही चालतात, पण माणसाला त्यात बसवायला आणि उतरवायला काठ सोपा लागतो. काठ सोपा नसेल तर होडी असून नसल्यासारखी.

ही जागा सांभाळणारे लोक कोण? कोळी आणि भोई. कोळी गावगाड्यात पाणी भरायचा, नदी असेल तिथं नाव चालवायचा, आणि सुगीला त्याला धान्य मिळायचं. रोख पैसा परगावच्या उतारूकडून. म्हणजे गावच्या माणसाला तर ही वर्षाच्या बलुत्यात धरलेली सोय होती.

इंग्रज आले आणि हा हिशेब बदलला. १८६८ साली मुंबई सरकारनं तरींचा कायदा केला. त्यानुसार सरकार एखादी तर 'सार्वजनिक' म्हणून जाहीर करणार, तिथं घ्यायचे दर ठरवणार आणि ती चालवायला देणार. आता 'सार्वजनिक' हा शब्द आपल्याला आज चांगला वाटतो. त्यात चांगलं होतंच. दर ठरले की नावाड्यानं मनाला येईल ते मागायचं नाही. पण सार्वजनिक म्हणजे सगळ्यांची की सरकारची, हा घोळ तिथून सुरू झाला, असं आम्हाला वाटतं. गावानं बलुतं देऊन चालवलेली जागा मक्त्यानं द्यायची गोष्ट झाली.

आपल्या जिल्ह्याला मात्र हा कायदा लागू नव्हता, कारण आपण निजामाच्या राज्यात होतो. सीना नदी बघा. परंड्याकडचा काठ निजामाचा, समोरचा करमाळ्याचा काठ इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यातला. मधे पाणी तेच. सासर एका राज्यात आणि माहेर दुसऱ्या राज्यात अशा लेकी या काठांवर पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. त्या माहेराला जायच्या त्या सीनेचा उतार बघूनच.

नळदुर्गाचं बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण जिल्ह्यात होडीत बसायचं म्हटलं की आधी नळदुर्गच आठवतं. बोरी नदी तिथं किल्ल्याला वळसा घालते. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमाराला, त्या नदीवर भिंत घातली. मुख्य किल्ला आणि पलीकडचं रणमंडळ त्या भिंतीनं जोडलं गेलं. आणि भिंतीच्या पोटात महाल काढला, तोच पाणीमहाल. पावसाळ्यात धरण भरलं की भिंतीवरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात, पाणी महालाच्या सज्जासमोरून कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. इंग्रज अधिकारी मेडोज टेलर १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्गला होता. तेव्हा हा मुलूख निजामाकडून तात्पुरता इंग्रजांकडं गेला होता. त्यानं आपल्या आत्मचरित्रात या किल्ल्याचं आणि धरणाचं कौतुक करून ठेवलंय.

कौतुक आम्हीही करतो. चारशे वर्षं भिंत उभी आहे, हे काही साधं काम नाही. पण मैत्रिणींनो, पाणीमहाल ही पाणी बघायची जागा आहे, पाण्यात उतरायची नाही. किल्ल्याचं पाणी हे आधी फौजेचं पाणी असतं, शत्रूला अडवायचं आणि वेढ्यात प्यायचं. तिथं काठ अवघड असणं हाच फायदा. नदीकाठचं गाव आणि नदीकाठचा किल्ला यांत हाच फरक. गावाला काठ सोपा हवा असतो, किल्ल्याला अवघड.

२०१४ साली राज्य सरकारनं स्मारक संगोपनाच्या योजनेत हा किल्ला देखभालीला एका खासगी कंपनीकडं दिला. स्वच्छता झाली, बाग झाली, नौकाविहार सुरू झाला. आमच्या गटांची एकदा सहल गेली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या बायका जन्मात पहिल्यांदा होडीत बसल्या. खरी परीक्षा होडीत नव्हती, होडीत पाय टाकायची होती. एक पाय काठावर, एक पाय हलत्या फळीवर, वर नऊवारीचा काचा नाही तर सहावारीच्या निऱ्या. एकीनं सांगितलं, "बाई, घोड्यावर बसणं सोपं असंल." धक्का म्हणजे काय, हे आम्हाला त्या एका पावलानं जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकानं कळलं नाही. तिकीट काढून का होईना, पण ज्या पाण्याचा काठ मुद्दाम अवघड ठेवला होता तिथं आज शेतमजूर बाई होडीत बसते, हा बदल लहान नाही. तरी ती पर्यटकाची होडी. गावाची सोय ती वेगळी.

गावाची सोय म्हणजे घाट. आणि घाटाचं नाव घेतलं की अहिल्याबाई होळकर. त्यांचा जन्म १७२५ चा, चौंडीचा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. चौंडी सीनेच्या काठी आहे. तीच सीना पुढं आपल्या परंड्याकडं येते. म्हणजे भारतभर घाट बांधणारी बाई आपल्याच नदीची लेक. माहेरच्या नदीला पाणी किती आणि उतार कसा, हे लहानपणी पाहिलेल्या बाईनं पुढं महेश्वरला नर्मदेवर घाट बांधला, काशीत गंगेवर बांधला. १७६७ ते १७९५ एवढा त्यांचा कारभार.

घाट का चांगला, हे जरा नीट समजून घेऊ. नदीचं पाणी एका पातळीवर राहत नाही. ज्येष्ठात खाली, श्रावणात वर. काठाला एकच ओटा केला तर चार महिने तो पाण्याखाली आणि चार महिने पाण्यापासून लांब. पायऱ्यांचं तसं नाही. पाणी ज्या पायरीला टेकेल ती त्या दिवशीची धक्क्याची पायरी. होडी तिथंच लागते, बाई तिथंच धुणं धुते, दशक्रियेला माणूस तिथंच बसतो. वर चढलं तर आपण वर सरकायचं. दगडाचं काम, पण नदीच्या हालचालीला धरून केलेलं. गुराढोरांना आणि गाडीला पायऱ्या चालत नाहीत, त्यांना सपाट उतरण लागते. जुन्या चांगल्या पाणवठ्यावर म्हणून दोन्ही दिसतं. एका अंगाला पायऱ्या, एका अंगाला उतरण.

घाट बांधला म्हणजे तो सगळ्यांचा झाला, असं मात्र कधीच नव्हतं. बांधणाऱ्यानं पुण्य म्हणून बांधला, लोकार्पण केला. पण गावानं ठरवलं की या पायरीवर कुणी यायचं आणि कुणी वाहत्या पाण्याच्या खालच्या अंगाला जायचं. प्रत्येक जुन्या गावात वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा होता. नदीत पाणी एकच, पण वाटा दोन. आमच्या गटांत सगळ्या समाजांच्या बायका आहेत आणि साठीच्या पुढच्या बायकांना आपापली वाट आठवते. ज्यांची वाट खालची होती त्यांना जास्त नीट आठवते.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य समजल्या जाणाऱ्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाडच्या नगरपालिकेनं तो मान्य केला. पण कागदावरचा पाणवठा आणि पायाखालचा पाणवठा यांत अंतर होतं. ते अंतर २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चालले आणि चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले. चारच पायऱ्या म्हणा. पण त्या उतरल्या म्हणून मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, खटला झाला. तळं खासगी आहे, इथं आमची पूर्वापार वहिवाट आहे, असं विरोधकांचं म्हणणं. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. पायऱ्या उतरल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली.

सीनेच्या दोन काठांची गोष्ट इथं पुन्हा आठवा. बोले ठराव करमाळ्याच्या काठाला लागू, परंड्याच्या काठाला नाही. आपल्याकडं १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं आणि १९५० ला संविधान आलं, तेव्हा दोन्ही काठांना एकच नियम झाला. संविधानाचं पंधरावं कलम आपण बैठकांत वाचतो, पण त्यातलं एक वाक्य आपण नुसतं वाचून पुढं जातो. सरकारी पैशातून राखलेल्या किंवा जनतेसाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला आडकाठी करता येणार नाही. स्नानघाट! एवढ्या मोठ्या देशाच्या संविधानात नदीच्या पायऱ्यांचा उल्लेख आहे. आणि त्या यादीत 'लिंग' हा शब्दही आहे.

आता पंढरपूर. आपल्या जिल्ह्यातल्या किती बायका वारीला जातात! भीमा तिथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. काठानं घाटच घाट. महाद्वार घाट, कुंभार घाट, उद्धव घाट, दत्त घाट. महादेव कोळी समाजाची माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या नावा चालवतात, पुंडलिकाच्या देवळाची पूजाही त्यांच्याकडं. मार्गशीर्षात देव विष्णुपदाला राहायला जातो, तेव्हा माणसं नावेत बसून तिकडं वनभोजनाला जातात. बायकांनी हौसेनं नदीत नाव काढायची, अशी एवढी मोठी जुनी चाल आम्हाला तरी दुसरीकडं दिसलेली नाही.

त्याच पंढरपुरात १४ ऑक्टोबर २०२० ला मोठ्या पावसात कुंभार घाटाजवळ नव्यानं बांधलेली भिंत कोसळली. आडोशाला थांबलेली सहा माणसं गेली. जुने दगडी घाट शेकडो पूर बघून उभे आहेत, आणि नवी भिंत गेली. जुनं ते सगळं चांगलं, असं आम्ही म्हणत नाही. पण नदीकाठचं बांधकाम हे रस्त्याकडंच्या गटारासारखं करून चालत नाही. भिंतीमागं मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, पायथ्याला दगड भरावे लागतात. गावात घाट मागायला गेलो की आम्ही हे दोन प्रश्न आता आधी विचारतो.

धक्का नसला तर काय होतं ते बघायला फार लांब जायची गरज नाही. १९८० मध्ये उजनी धरण झालं. भीमेचं पाणी पसरलं, जुने रस्ते बुडाले. करमाळ्याची कुगावसारखी गावं आणि समोरची इंदापूरची गावं, मधे पाणी. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा, होडीनं थोडक्यात पलीकडं. म्हणून होडी. बाजाराला, दवाखान्याला, नातेवाइकांकडं, सगळी माणसं होडीनं जाऊ लागली. १८६८ सालच्या कायद्यातली तर जशी होती तशीच ही गरज, पण तिला ना धक्का, ना अंगात घालायला जाकीट. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडं निघालेली होडी वादळात उलटली. लहान मुलांसह सहा जण गेले. पोहत काठाला आला तो एक माणूस. त्यानंतर बातम्या आल्या, होड्या बंद झाल्या, पुलाची जुनी मागणी पुन्हा वर आली. वादळ थांबवता येत नाही. पण ज्या जागेवरून रोज माणसं जातात तिला सरकारनं 'ही तर आहे' असं म्हटलं की तिथं माणसांची मोजदाद येते, जाकीट येतं, वाऱ्याचा अंदाज बघून आज नाव सुटणार नाही असं सांगणारा माणूस येतो. तरींचा जुना कायदा निदान एवढं तरी कबूल करत होता की इथून लोक जातात.

आणखी एक होडी सांगतो, कारण ती वल्हवणारी बाई होती. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्यावर चिमलखेडी गाव आहे. तिथल्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे. २०२० च्या टाळेबंदीत पाड्यांवरची माणसं केंद्रावर यायची बंद झाली. त्यांनी मच्छीमाराकडून छोटी होडी मागून घेतली आणि १८ किलोमीटर वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या, बाळांची वजनं घ्यायला, गरोदर बायकांना बघायला, पोषण आहार द्यायला. पेपरांत त्यांच्या धाडसाचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. आम्ही अंगणवाडीच्या बैठकीत ती बातमी वाचली तेव्हा एकीनं विचारलं, "वजनकाटा घेऊन ती उतरत कुठं होती?"

आपल्या जिल्ह्यात आता हे प्रश्न नवे राहिलेले नाहीत. परंड्यात सीना-कोळेगाव, लोहाऱ्यात माकणीचं निम्न तेरणा, कळंबच्या शेजारी मांजरा. ही धरणं भरली की कोरड्या गावांच्या शिवाराला पाणी लागतं. मच्छीमार संस्था तलाव ठेक्यानं घेतात. माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात, बायका काठावर मासे निवडतात. गौरी-गणपतीचं विसर्जन तिथंच. आणि पूर. सप्टेंबर २०२१ मध्ये तेरणा-मांजराकाठच्या माणसांना बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं काढलं. सप्टेंबर २०२५ मध्ये परंड्यात त्याहून भयंकर झालं. गावं वेढली, जनावरं दावणीला गेली, पुन्हा बोटी, पुन्हा हेलिकॉप्टर. ज्या जिल्ह्यात होडी म्हटलं की हसू येतं, तिथं पाच वर्षांत दोनदा होडीनं जीव वाचवले.

म्हणून आम्ही एका गावात काम धरलंय. गावाचं नाव सांगत नाही, कारण वाद मिटायचा आहे. धरण भरलं तेव्हा गावाचा जुना पाणवठा बुडाला. नवं पाणी जिथं येऊन थांबलं तो काठ कुणाच्या तरी रानाचा. पहिली काही वर्षं बांधावरून जाऊ दिलं. मग ऊस आला, तारेचं कुंपण आलं. आता धुण्याला जायचं तर विचारून, मासे आणायचे तर विचारून, गौरी नेताना पण विचारून. मालकाचंही एक म्हणणं आहे, माणसं ऊस मोडतात. खोटं नाही ते. पण पाणी सरकारचं, मासे संस्थेचे, रान मालकाचं, आणि वाट कुणाचीच नाही, असं झालं तर गावानं पाण्याकडं नुसतं बघत बसायचं.

आम्ही काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. भूमी अभिलेख कार्यालयातून गावचा जुना नकाशा काढला. त्यात गावठाणापासून नदीपर्यंत पाणंद दाखवलेली आहे. वाटेत अडथळा घातला असेल तर तहसीलदारांकडं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. आम्ही तो अर्ज अजून टाकलेला नाही, आधी बोलून बघतोय. मालकाच्या घरातली बाई आमच्याच गटात आहे, हे त्यात अवघडही आहे आणि बरंही आहे. ग्रामसभेत ठराव मांडला तेव्हा एकानं विचारलं, "बायकांना होडी कशाला?" उत्तर मासे निवडणाऱ्या बाईनंच दिलं, "होडी राहू द्या, आधी पाण्यापर्यंत जाऊ द्या."

काय बांधायचं, तेही ठरवलंय. आठ फुटांवर एक फूट उतरेल अशी काँक्रीटची उतरण, बारा फूट रुंद, म्हणजे ट्रॅक्टरला बोट जोडून मागं घेता येईल. वर तिरक्या खाचा, शेवाळावरून पाय घसरू नये म्हणून. तिच्या अंगाला पायऱ्या. आणि खालचं टोक उन्हाळ्यातल्या पाण्याच्याही खाली न्यायचं, नाहीतर मार्चमध्येच ती चिखलात संपते. हे काम पाणी उतरल्यावरच होतं, एप्रिल-मेमध्ये.

गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा जुना पाणवठा उघडा पडला. पाच पायऱ्या, गाळानं भरलेल्या, आणि कडेला धुण्याचा एक सपाट दगड. गटातल्या एका आजींनी तो दगड ओळखला. त्यांनी आम्हाला वरची वाट दाखवली आणि खालचीही दाखवली, बोट करून, कुठली कुणाची होती ते सांगत. जुन्या पाणंदीची रेघ आणि त्या पायऱ्या एका ओळीत आहेत. आम्ही दोरी धरून अंतर मोजलं. गावठाणाच्या शेवटच्या घरापासून ते तारेच्या कुंपणाखालून सरळ जातं. ठराव झालाय, मोजणीची फी भरलीय, तारीख यायची आहे.